राहू द्या

“चहा यायच्या आधी बोला,” बायको म्हणाली. “एकदा कप हातात आला की तुम्ही गेलात.”

दातकर दारातल्या स्टुलावर बसून बुटाची नाडी बांधत होते. नाडी बांधून झाली होती, तरी ते बांधतच होते.

“आणि ‘जमलं तर’ म्हणायचं नाही. फोनवर म्हणालात ना ‘जमलं तर’? मग? जमलं त्यांना?”

“फोनवर मी पैशांचं बोललोच नाही,” दातकर म्हणाले. “जमलं तर रविवारी येतो, असं म्हणालो होतो.”

बायकोने कपाळावर हात मारला नाही, पण मारल्यासारखा चेहरा केला. “वाक्य म्हणून दाखवा बघू एकदा.”

“भाऊजी, मला ते पैसे आता लागतायत.”

“उद्या.”

“उद्या लागतायत.”

“अस्सं. एवढंच. पुढे काही जोडायचं नाही, मागे काही लावायचं नाही. निघा.”

दातकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगाराच्या पाकिटावर असायचं आणि तिथेच राहायचं. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी उभा जन्म कवळ्या बनवल्या, म्हणून कुणीतरी गमतीने दातकर म्हटलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. पुढच्या खोलीत डॉक्टर पेशंटची तोंडं उघडत आणि मागे दातकर मेणात दात बसवत, साचे फोडत, मोटारीवर कवळी घासून चकचकीत करत. कवळी तोंडात बसली की डॉक्टर त्यांना बाहेर बोलावत. दातकर हात पुसत येत आणि पेशंटला म्हणत, “साठ म्हणा. पासष्ट. आता सहासष्ट.” मग डोळे मिटून ऐकत. स कुठे शिट्टी मारतो, त कुठे घसरतो, हे त्यांना कानाने कळे. तेवढ्यापुरती खिशातली बारीक कानस काढायची, दोनदा फिरवायची आणि परत आपल्या खोलीत. माणूस घरी जाऊन पोटभर जेवे आणि डॉक्टरांचं नाव काढे. याबद्दल दातकरांची काही तक्रार नव्हती.

आता ते सगळं संपत आलं होतं. कवळ्या यापुढे बाहेरून मशीनवर बनून येणार, मागची खोली एक्स-रेला लागणार, असं डॉक्टरांनी महिन्याच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. डॉक्टर वाईट माणूस नव्हता. भट्टी, मोटार, हत्यारं सगळं घेऊन जा म्हणाला, एक पैसा देऊ नका म्हणाला. पण भट्टी आणि मोटार घेऊन माणूस जाणार कुठे? या वयात दुसरीकडे कुणी उभं करणार नव्हतं. दोन रस्ते सोडून एक गाळा रिकामा होता. आसपासच्या दोघातिघा डॉक्टरांनी काम देऊ म्हणून शब्दही दिला होता. फक्त गाळेवाल्याला सोमवारी डिपॉझिट हातात हवं होतं. नाहीतर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणारा एक जण तिथे टेप घेऊन मापंसुद्धा काढून गेला होता.

डिपॉझिटचे पैसे दातकरांकडे होते. म्हणजे होते त्यांचेच, पण ताईकडे होते.

चार वर्षांपूर्वी ताईच्या यजमानांच्या, म्हणजे भाऊजींच्या लाँड्रीतला बॉयलर फुटला. नवा घेतल्याशिवाय दुकान चालणार नव्हतं. दोघं एका संध्याकाळी दातकरांच्या घरी आले आणि बराच वेळ हवापाण्याचं बोलत बसले. शेवटी दातकरांनीच उठून कपाटातलं पुडकं काढलं आणि भाऊजींच्या हातात ठेवलं. त्यात होतं नव्हतं ते सगळं होतं. भाऊजींनी खिशातून एक कोरा कागद काढला, तो पुडक्यावर ठेवला आणि हात तसाच पुढे करून म्हणाले, “हे... लिहून देऊ का काही?” दातकरांनी त्यांचा हात कागदासकट, पुडक्यासकट मागे सारला.

“राहू द्या,” ते म्हणाले.

म्हणताना त्यांना फार बरं वाटलं होतं, हेही सांगायला हवं. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडासाठी राबलेल्या माणसाला एकदा मोठ्या मनाने काही बोलायला मिळालं होतं. आतून भांड्यावर झाकण आपटल्याचा आवाज आला, तेवढा सोडला तर प्रसंग छानच झाला. त्या झाकणाचा आवाज बायकोने नंतर चार वर्षं थांबू दिला नाही. भाजी महाग झाली, ‘राहू द्या’. छत गळायला लागलं, ‘राहू द्या’. साधं मीठ कमी पडलं तरी, “राहू द्या म्हणे.”

बसमध्ये दातकरांनी वाक्य घोळवायला घेतलं. भाऊजी, मला ते पैसे उद्या लागतायत. यातलं ‘ते’ नीट होतं का? ‘ते’ म्हटलं की ‘कुठले ते’ असा प्रश्न येऊ शकत होता. ‘माझे’ म्हणावं तर ते फारच दातओठ खाऊन बोलल्यासारखं होत होतं. त्यांनी ‘माझे’ लावून पाहिलं, काढून पाहिलं, पुन्हा ‘ते’ बसवलं. ओठ हलत होते. शेजारच्या माणसाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पिशवी मांडीवर घेऊन थोडा सरकून बसला. पैशांसाठी दाताच्या कण्या कराव्या लागतात म्हणतात, आणि इथे तर दात हाच धंदा, असं त्यांच्या मनात आलं. हसू मात्र आलं नाही.

लाँड्री खाली आणि घर वर, अशी ताईची जागा होती. रविवारी दुपारपर्यंत दुकान उघडं असे. दातकर पोहोचले तेव्हा ताई एका गिऱ्हाइकाला कोट देत होती. “या हं,” ती गिऱ्हाइकाला म्हणाली. ते तिचं दुकानातलं ‘या’ होतं, नीट इस्त्री केलेलं. मग तिला दातकर दिसले आणि तिचा आवाजच बदलला.

“धाकट्या, तू होय? ये, ये. अरे, वर जा, मी आलेच.”

दातकरांची साठी जवळ आली होती, पण या घरात ते धाकटेच होते. आई लवकर गेली. शाळेत जाताना दारात उभी राहायची ती ताईच. “येतो गं,” म्हटलं की ती “ये” म्हणायची, आणि ते ‘ये’ असं लांबायचं की कोपऱ्यावर वळेपर्यंत पाठीवर हात असल्यासारखं वाटायचं. तिचं लग्न झालं, केस पांढरे झाले, तरी अजून निघताना तेच ‘ये’ होतं.

वर खाटेवर ताईच्या सासूबाई बसल्या होत्या. डोळ्यांनी फारसं दिसत नसे, पण कान शाबूत होते. दातकर बसायच्या आतच त्यांनी ओळखलं.

“धाकटे आले का? बसा. तुमच्यासारखा भाऊ मिळायला नशीब लागतं हो.” त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता आणि कवळी लावून घ्यायला त्या तयार नव्हत्या, पण बोलणं बंद नव्हतं. “तुम्ही दिलंत म्हणून आज खाली वाफ निघतेय. मी हिला पूर्वी खूप बोलायचे. तुझ्या पाठीशी आहे कोण, म्हणायचे. त्या दिवसापासून एक अक्षर काढलं नाही मी. येईल त्याला सांगते, हिच्या भावाने दिले.”

“असू द्या,” दातकर म्हणाले.

दिलंत. दिले. उसनं दिलंत म्हणायचं होतं त्यांना की नुसतंच दिलंत? म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यातून एखादा शब्द गळतो, त्यात काय एवढं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण बसमध्ये इतकं घासून गुळगुळीत केलेलं वाक्य आता घशाशी टोचायला लागलं होतं. खालून पाणी उकळायला ठेवल्याचा आवाज आला. चहाची तयारी सुरू झाली होती.

तेवढ्यात गालावर हात धरून भाऊजी जिना चढून आले.

“काय दातकर. देवासारखा आलास बघ. हे इथे, खाली, डाव्या बाजूला. चार दिवस घास चावता येत नाही.”

भाऊजींची कवळी अर्थातच दातकरांनी बनवलेली होती, आणि अर्थातच फुकट. भाऊजींनी ती काढली, नळाखाली धरली आणि दातकरांच्या तळहातावर ठेवली. दातकर खिडकीपाशी गेले. खिशात कानस होतीच. टोचणारी जागा त्यांना बोटाने लगेच सापडली, आणि ती सापडल्याबरोबर त्यांना जरा हायसं वाटलं. हे काम त्यांना येत होतं.

समोर भाऊजी खुर्चीवर बसले होते. दात काढल्यावर त्यांचे गाल आत गेले होते आणि ते एकदम म्हातारे दिसत होते. आपलं बोळकं दिसू नये म्हणून त्यांनी तोंडावर हात धरला होता. दातकरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या दातांकडे. बोलायचं तर आत्ताच बोलायला हवं होतं. पण समोरच्या माणसाचे दात आपल्या हातात धरून त्याच्याकडे पैसे मागायचे, हे कुठल्या वसुलीवाल्यालाही सुचलं नसतं. आधी कवळी देऊ या, मग बोलू. कवळी दिली की चहा येणार. चहा आला की आपण गेलो. जिन्यावर कपबश्या वाजल्या.

“भाऊजी, मला ते पैसे उद्या लागतायत.”

वाक्य बाहेर पडलं होतं. त्याच्या पुढे-मागे खरंच काही नव्हतं. भाऊजींचा हात तोंडावरच राहिला.

“कुठले पैशे?” त्यांनी हाताआडून विचारलं.

“बॉयलरच्या वेळचे.”

ताई ट्रे घेऊन दारात उभी होती. भाऊजींनी हात पुढे केला आणि दातकरांनी त्यात कवळी ठेवली. भाऊजी उठून नळापाशी गेले, पाठमोरे उभे राहिले, त्यांनी पुष्कळ वेळ चूळ भरली. वळले तेव्हा त्यांचे दात तोंडात होते आणि चेहराही जागेवर आला होता.

“अरे, मी तुला विचारलं होतं,” ते म्हणाले. “कागद हातात धरून विचारलं होतं, लिहून देऊ का. तू काय म्हणालास?”

“राहू द्या म्हणालो.”

“मग?”

“कागद राहू द्या म्हणालो, भाऊजी.”

“कागदाचं नाव कुठे घेतलंस? माझा हात मागे सारलास. त्या हातात पैसे होते. मला वाटलं, पैसे राहू द्या म्हणतोयस. असू देत तुमच्याकडेच, असं. मी घरी येऊन आईला तसंच सांगितलं. ही रडली होती त्या दिवशी.”

दातकरांनी सवयीने डोळे मिटले आणि ऐकलं. स स्वच्छ होता. त कुठे घसरत नव्हता. भाऊजी खोटं बोलत होते असं काही त्या आवाजावरून म्हणता येत नव्हतं. त्यांना सोयीचं होतं तेच त्या दिवशी ऐकू आलं होतं, आणि चार वर्षं ते तसंच ऐकू येत राहिलं होतं. दातकरांना त्यांचा राग येईना. राग आला असता तर बरं झालं असतं, बोलायला तरी सोपं गेलं असतं.

“ताई, तू होतीस तिथे,” ते म्हणाले. “तूच सांग.”

हे विचारायला नको होतं, ते विचारल्यावर कळलं. ताईच्या हातात अजून ट्रे होता.

“काय म्हणतायत ते?” खाटेवरून सासूबाईंनी विचारलं. “परत मागतायत का?”

त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. उत्तर न मिळणं म्हणजे काय, हे कळायला त्यांना डोळ्यांची गरज नव्हती.

“मला वाटलं होतं, तू मला दिलेस,” ताई म्हणाली. “ह्यांना नाही. मला.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तशी असती तर दातकरांनी ती पुसून काढली असती, लहानपणापासून काढत आलेच होते. या घरात चार वर्षं ताई ‘भावाने दिले’ या ज्या दोन शब्दांवर ताठ उभी होती, ते दोन शब्द त्यांनी कधी उच्चारलेच नव्हते, आणि तरी ते आता त्यांनाच परत घ्यायचे होते.

“गरज नसती तर मागितले नसते गं,” ते म्हणाले, आणि मग बायकोने घातलेला सगळा धाक विसरून पुढे बोलतच सुटले. डॉक्टरांची मागची खोली, मशीनवरच्या कवळ्या, एक्स-रे, भट्टी फुकट मिळतेय पण ठेवायला जागा नाही, गाळेवाला, सीटकव्हरवाला. “तो माप घेऊन गेलाय ताई. उद्या संध्याकाळपर्यंत नाही दिले तर गेला गाळा. मला आता कोण नोकरी देणार? मी दुसरं काय करू शकतो? सांग ना, मला येतं काय दुसरं?”

हे काही घासूनपुसून तयार केलेलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्यांना दम लागला.

“उद्या?” ताईने विचारलं.

“उद्या.”

तिने ट्रे टेबलावर ठेवला, चहा सांडणार नाही अशा बेताने, आणि ती आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. भाऊजी नखं पाहत बसले. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. दातकर कानस पुसत राहिले. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

ताई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक पुडकं होतं आणि दुसऱ्या हातात कागद-पेन.

“नव्या मशीनसाठी बाजूला टाकलेले आहेत. निम्म्याच्या वर होतील. डिपॉझिटला पुरतात ना?”

दातकरांनी मान हलवली. पुरत होते, थोडे उरतही होते.

“बाकीचे दर महिन्याला,” ती म्हणाली आणि तिने कागद नवऱ्यापुढे ठेवला. “लिहा.”

“अगं, घरातल्या घरात आता लिहायचं काय,” भाऊजी म्हणाले. “देऊ की आपण. नाही कुठे म्हणतोय मी?”

“मागच्या वेळी लिहिलं नाही म्हणून तर हे झालं. लिहा. उसने घेतले, असं लिहा.”

भाऊजींनी लिहिलं. त्यांचं अक्षर मोठं होतं आणि ते प्रत्येक शब्द पुटपुटत लिहीत. ‘उसने’ हा शब्द भाऊजींच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकू आला. ताईने खाली आपलीही सही केली. मग तिने कागदाची घडी घातली, शर्टाची घालतात तशी, कोपऱ्याला कोपरा जुळवून, वरून अंगठा फिरवून. ती घडी तिने पुडक्यावर ठेवली आणि दोन्ही मिळून हात पुढे केला.

तसाच हात होता, तसंच पुडकं, तसाच कागद. दातकरांच्या ओठांवर शब्द आले. चार वर्षांत एवढ्या वेळा ऐकलेले शब्द, आपोआप आले, आणि बाहेर पडले असते तर सगळं पुन्हा होतं तसं झालं असतं. सासूबाईंनी तोंड इकडे केलं असतं. ताईने ट्रे उचलून, चहा गरम करून आणते, म्हटलं असतं. दातकरांनी दात आवळून तोंड मिटलं. मग दोन्ही हात पुढे केले आणि दोन्ही घेतलं.

चहा तसाच होता. त्यावर साय धरली होती. दातकरांनी तो उभ्याने पिऊन टाकला. गार झालाय, असं कुणी म्हणालं नाही.

“टोचायचं थांबलं बरं का,” भाऊजी म्हणाले. त्यांनी गालात जीभ फिरवून पाहिली. “छान झालंय आता.” त्यांना बिचाऱ्यांना दुसरं काही बोलायला सुचत नव्हतं.

सासूबाईंना नमस्कार केला. “हं,” एवढंच त्या म्हणाल्या, भिंतीकडे बघत.

ताई खाली दुकानाच्या दारापर्यंत आली. ती नेहमीच येत असे. दातकर खालच्या पायरीवर बसून बूट घालू लागले. काउंटरवर धुतलेले कपडे रचून ठेवले होते. ताईने त्यातली वरची चादर उगाच सरळ केली. ती सरळच होती. दातकरांना वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, रागावेल, निदान वहिनी कशी आहे तरी विचारेल. ती पुढची चादर सरळ करू लागली. खिशात कागदाची घडी बोचत होती, आणि बोचतेय म्हणजे आहे, असा त्यातून धीरही येत होता. या धीराची त्यांना लाज वाटली.

नाडी बांधून ते उभे राहिले.

“येतो गं, ताई.”

“या,” ताई म्हणाली.

दातकरांनी वळून पाहिलं, मागून कुणी गिऱ्हाईक आलंय की काय म्हणून. रस्त्यावर कुणी नव्हतं. मग त्यांना वाटलं, आपल्यालाच नीट ऐकू आलं नसेल. पण ताईचे दात अजून सगळे तिचे स्वतःचे होते, आणि ऐकणं हेच तर त्यांचं जन्माचं काम होतं.

ते पुन्हा पायरीवर बसले आणि बांधून झालेली नाडी सोडून परत बांधू लागले.